कापसावरचं शुल्क उठलं, ते नेमकं वेचणीच्या तोंडावर

दसऱ्याच्या सुमारास आमच्या वावरात सीतादही होते. आई कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवते, हात जोडते आणि मग वेचणीसाठी ओट्या बांधून बाया कपाशीच्या ओळींत शिरतात. २०२५ साली पूजा करून उठल्या उठल्या तिने विचारलं, "औंदा काय भाव निंगन रे?" मला अंदाज होता, पण सांगवलं नाही.

त्या भावाची गोष्ट आमच्या शिवारापासून फार लांब सुरू झाली होती. ट्रम्प यांच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीनने मार्चमध्ये अमेरिकी कापसावर १५ टक्के जादा कर बसवला. तिकडच्या गाठींना दुसरं गिऱ्हाईक हवं होतं. ऑगस्टमध्ये रशियन तेलाचं कारण पुढे करून अमेरिकेने भारताच्या मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं आणि तमिळनाडूतल्या तिरुपूरचे, तिकडे कपडे पाठवणारे कारखानदार हवालदिल झाले. त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्तात आत येणार आणि आमचा भाव दबणार. आधी सांगितलं ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमच्याकडे पहिली-दुसरी वेचणी. घरात छतापर्यंत कापूस, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, वेचाईचे पैसे रोज रोख. थांबायची ताकद कोणाच्यात असते?

तिरुपूरच्या शिलाई कामगारांबद्दल माझ्या मनात काडीचाही आकस नाही. गिरणीला स्वस्त रुई लागते, हेही मान्य. पण मग मदत गिरणीला थेट द्यायची होती, आमच्या भावातून कापून नाही. अमेरिकी शेतकऱ्यामागे त्याचं सरकार अनुदान घेऊन उभं असतं. त्याच अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि २०१४ च्या तडजोडीत ३० कोटी डॉलर घेऊन आला. लढणारे देश असे लढतात.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. आमचा १५ भरला, गाडी परत आली. चार दिवस ओसरीत कापूस पसरला, उलथापालथ केली. तोवर मजूर दारात उभे होते. शेवटी खासगीत ६,९०० ने मोजून दिला.

शेतकऱ्याला कोणी विचारणार असेल तर माझं म्हणणं एवढंच आहे: शुल्क उठवायचंच असेल तर एप्रिल ते सप्टेंबरात उठवा. तेव्हा आमच्या घरात कापूस नसतो.