ट्यूब अँपला स्पीकर लागतोच, फॉरवर्ड काहीही म्हणो

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा व्हिडिओ कॉल. "मामा, बघ काय ग्लो मारतोय!" समोर मित्राकडून आणलेलं ५० वॅटचं ट्यूब हेड, म्हणजे स्पीकर नसलेला गिटारचा ट्यूब अँप, मागे ईएल३४ नावाच्या दोन पॉवर ट्यूब मस्त केशरी पेटलेल्या. स्पीकरचं कॅबिनेट मात्र मित्राकडेच, कारण बारा इंची चार स्पीकरचं ते फोर बाय ट्वेल्व्ह काही रिक्षात बसेना. म्हटलं मग स्पीकर आऊटला काय लावलंयस, तर साहेबांनी कन्व्हर्टर लावून हेडफोन खुपसलेला. "अरे स्टँडबायवर टाक आधी, मग बंद कर!" असा ओरडलो की आतल्या खोलीतून बायको उठून आली.

हे ज्ञान कुठून आलं विचारलं तर त्याने "ट्यूब अँपची गुपितं" नावाचा एक फॉरवर्ड पाठवला. तोच मला गेल्या महिन्याभरात तीन ग्रुपवर आलाय आणि मी तीनही वेळा दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. त्यात म्हटलंय की ट्यूबचा एक वॅट म्हणजे साध्या अँपचे दोन, व्हॉल्यूम शून्यावर असेल तर स्पीकर नसला तरी चालतं आणि हवं तर हेडफोन लावा, प्लग काढला की अँप उघडायला सेफ, खरा टोन फक्त हाताने वायरिंग केलेल्या बुटीक (मोजकेच बनणाऱ्या, महागड्या) अँपमध्ये, बास गिटार कुठल्याही कॅबवर (कॅबिनेटवर) वाजवा, आणि सगळ्या ट्यूब दरवर्षी बदला.

आधी स्पीकरचंच घेतो, बाकीचं गेलं खड्ड्यात. लोकांची सवय ट्रान्झिस्टर अँपची असते. त्याला स्पीकर नसला तरी काही होत नाही, त्याला भीती शॉर्टची. ट्यूबचं बरोब्बर उलटं. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, ट्यूबच्या बाजूला काही हजार ओहम आणि स्पीकरच्या बाजूला ४, ८ किंवा १६. स्पीकर काढला की ट्यूबमधून येणारा करंट जायचा कुठे? ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज वर उसळतं, एरवी असतं त्याच्या कितीतरी पट. मग ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी उडते, सॉकेट काळं पडतं, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटतं. बाहेरून काही दिसत नाही, फक्त नंतर आवाज मेलेला येतो आणि रिपेअरवाला सांगतो ट्रान्सफॉर्मर गेला. बुटीक अँपमध्ये सगळ्यात महागड्या पार्टपैकी एक तोच असतो बरं का.

व्हॉल्यूम शून्यावर असेल तर धोका कमी, हे खरं. पण पोरं गिटार हातात असताना नॉब शून्यावर ठेवतात का हो? एक स्ट्रिंग छेडली, कोपर लागून नॉब फिरला, झालं काम. आणि हेडफोन म्हणजे काही स्पीकरची जागा घेणारा लोड नाही, तो ३२-६४ ओहमचा आणि मिलिवॅटवर चालणारा जीव. आधी तो जळेल, आणि तो जळला की परत स्पीकर नसल्यासारखंच. कानात घातलेला असेल तर काय होईल ते मी लिहीत नाही.

माझ्यावर विश्वास नको असेल तर जुन्या फेंडर अँपच्या मागचा स्पीकर जॅक बघा. प्लग काढला की तो आतल्या आत आऊटपुट शॉर्ट करतो. लिओ फेंडरच्या अँपमध्ये हे मुद्दाम केलेलं आहे, कारण ट्यूबला थोडा वेळ शॉर्ट परवडतो, ओपन (काहीच न जोडलेलं) परवडत नाही. एवढा एक जॅक पुरेसा आहे हा फॉरवर्ड डिलीट करायला. आणि हो, हेडपासून कॅबपर्यंत गिटारची कॉर्ड लावू नका. ती बारीक, शील्डवाली असते, मध्येच तुटली की परत तेच. स्पीकर केबल वेगळी मिळते, घ्या.

प्लग काढला की सेफ हे तर याहून भयंकर. आत ४००-५०० व्होल्ट असतात आणि ते धरून ठेवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर असतात, प्लग काढल्यावरही. काही अँपमध्ये ते हळूहळू रिकामे करायला रेझिस्टर असतो, काहींमध्ये नसतो, आणि असला तरी तो उडालेला नाही हे तुम्हाला कसं कळणार? जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवून काम करायचे ते स्टाइल मारायला नाही, करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आत बोट नाही. मोजता येत नसेल तर उघडायचंच नाही.

वॅटचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ट्यूब अँप लाऊड वाटतो, कारण तो हळूहळू क्लिप होतो (आवाज एकदम न फाटता सावकाश फाटतो), कानाला ते चालतं, म्हणून आपण त्याला रेटिंगच्या पुढे रेटत राहतो. पण वॅट तो वॅटच. ५० चा १०० केला की ३ डेसिबल वाढतात, दुप्पट आवाज वगैरे काही नाही.

बुटीकचं काय सांगू. डंबल नावाच्या अँप बनवणाऱ्याने सर्किट कोणी बघू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतली आणि लोक आजही त्याची पूजा करतात, करू देत. पण सोल्डानो कंपनीचा एसएलओ-१०० हा अँप पीसीबीवरच (छापील सर्किट बोर्डवर) आहे आणि त्याला कोणी स्वस्त म्हणत नाही. मार्शलचा पहिला अँप जेटीएम४५ तरी काय, फेंडरच्या बासमन अँपचंच सर्किट, १९६२ मध्ये लंडनमध्ये बसवलेलं. हाताने केलेल्या वायरिंगचा फायदा आहे, रिपेअर सोपं पडतं, आणि तापणाऱ्या ट्यूबचे सॉकेट थेट बोर्डावर नसतात. टोन मात्र सर्किट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरमधून येतो, सोल्डरिंग करणाऱ्याच्या पुण्याईतून नाही.

बासचं सोपंय. गिटारची जाड ई ८२ हर्ट्झ, बासची ४१. ग्रीनबॅक हा गिटारचा २५ वॅटचा स्पीकर, त्यावर बास चढवला तर कोन किती पुढेमागे धावेल याचा विचार करा. १९६९ मध्ये अँपेग एसव्हीटी हा ३०० वॅटचा बास अँप आला तेव्हा त्याला दहा इंची आठ-आठ स्पीकरच्या बंद पेटीच्या दोन कॅब उगाच नाही दिल्या. कोणीतरी म्हणेल बासमन तर बाससाठीच होता ना. होता, पण गिटारवाल्यांनीच तो पळवला.

दरवर्षी ट्यूब बदलायचं दुकानदाराला विचारा, तो हो म्हणेल. पॉवर ट्यूब वापराप्रमाणे झिजतात, सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या १२एएक्स७ ट्यूब वर्षानुवर्षं चालतात.

भाच्याचं हेड वाचलंय बहुतेक, ट्रान्सफॉर्मर मोजला, ठीक वाटला. कॅबिनेट शनिवारी टेंपोतून येतंय. तोवर हेडची पॉवर कॉर्ड माझ्या कपाटात आहे आणि त्याने आईकडे तक्रार केली आहे.