जायकवाडीचे दरवाजे बंद, म्हणून निर्धास्त?

पावसाळ्यात गोदाकाठच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘जायकवाडीचे दरवाजे बंद आहेत, पुराची भीती नाही. उघडले तरी पाणी यायला दोन दिवस लागतात. पूर येतो तो धरणवाल्यांच्या चुकीनं. पुलावर गुडघाभर पाणी असलं तरी ट्रॅक्टर निघतो.’

‘दरवाजे बंद म्हणजे भीती नाही.’ जायकवाडी हे पैठणजवळचं गोदावरीवरचं धरण. ते अडवतं ते पैठणच्या वरचं पाणी. खाली मंजरथला सिंदफणा नदी मिळते, नांदेडच्या अलीकडे पूर्णा नदी. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातला परंडा-भूम भाग पाण्याखाली गेला. तो सीना नदीच्या खोऱ्यातला, जायकवाडीचा थेंबही तिकडं जात नाही.

त्याहून मोठा धोका गावामागच्या ओढ्याचा. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. एवढा पाऊस म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर पाणी. आठ दिवसांच्या झडीनं चिंब झालेली काळी जमीन त्यातलं फारसं पीत नाही. सगळं ओढ्याला लागतं. नदी चढलेली असली की ओढ्याचं तोंड दाबलं जातं आणि पाणी मागं फुगतं. लोक पुलावर उभे राहून नदी बघत असतात, तोवर मागच्या गोठ्यात पाणी शिरलेलं असतं. ओढ्याच्या काठी खुंटी ठोका, दर अर्ध्या तासानं पाणी कुठवर आलं ते बघा. दुसऱ्या अर्ध्या तासात पहिल्यापेक्षा जास्त चढलं, तर जनावरं मोकळी करून उंचावर न्या. दावणीला बांधलेली बुडतात.

‘दोन दिवस लागतात.’ पैठणजवळच्या गावाला आणि नांदेडला एकच हिशेब कसा लागेल? पात्र कोरडं असेल तर पाणी डोह, खड्डे, बंधारे भरत सावकाश येतं. नदी आधीच दुथडी असेल तर लाट लवकर पोचते. ‘18 दरवाजे उघडले’ या बातमीवरूनही काही कळत नाही, कारण दरवाजे अर्धा फूटही उचललेले असू शकतात. विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) आणि किती वाजता वाढवला, ते विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077.

‘धरणवाल्यांची चूक.’ इथं थोडं तथ्य असू शकतं. कोणत्या तारखेला धरण किती भरायचं याची परिचालन सूची असते. ती पाळली का, हा प्रश्न रास्तच. पण आकडेही बघा. एक लाख क्युसेकची आवक म्हणजे दिवसाला 8.64 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. 95 टक्के भरलेल्या धरणात चार टीएमसीचीही जागा उरत नाही. ती अकरा तासांत संपते. पुढं आलं तेवढं सोडावंच लागतं. दुष्काळ भोगलेल्या मुलखात ऑगस्टमध्ये धरण रिकामं ठेवा म्हटलं असतं, तर हाच ग्रुप पेटला असता.

‘ट्रॅक्टर निघतो.’ वाहत्या पाण्यात फूटभर खोली लहान गाडी ढकलायला पुरते, दोन फूट बहुतेक गाड्यांना. रिकामी ट्रॉली आधी आडवी होते आणि ट्रॅक्टरलाही ओढते. शिवाय गढूळ पाण्याखाली पुलाची कड, भराव जागेवर आहे का, हे वरून दिसत नाही.

मेसेजमध्ये विहिरीवरच्या मोटारीचा उल्लेखच नाही. पाणी स्टार्टरपर्यंत यायच्या आत, हात-पाय कोरडे असताना मेन स्विच बंद करा. पाणी आलंच असेल तर पेटीला हात लावू नका, लाइनमनला कळवून डीपीवरूनच पुरवठा बंद करून घ्या. ओसरल्यावर मोटार आणि स्टार्टर वाळवून, वायरमनला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका.