‘एक लाख एकतीसचे एक लाख चौऱ्याऐंशी कसे झाले?’ – आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. तेव्हाच उत्तर द्यायला बसलो होतो, पण घरून सल्ला मिळाला की रागात काही लिहू नकोस. म्हणून आज, मंगळवारी लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्लग-इन हायब्रिड (चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली) एसयूव्ही लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाड्यावर घ्यायला आम्ही व्हॉट्सॲपवर महिना १,३१,५०० सांगितले आणि सहीच्या दिवशी कागदावर १,८४,१०० निघाले. न्यू जर्सीतल्या मेव्हण्यांच्या लीजचा स्क्रीनशॉट दाखवून ‘महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का’ म्हणालात तेव्हा आमचा माणूस हसला. बुकिंगचे ५०,००० परत यायला १९ दिवस लागले, त्यातही ५,९०० कापले. आणि ‘यांना गाडी द्यायचीच नव्हती’.

आधी आमची चूक. त्या मेसेजमध्ये आकड्याखाली ‘टॅक्स एक्स्ट्रा’ एवढंच लिहिलं होतं. टॅक्स किती, ते नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि या आकाराच्या गाड्यांवर सरळ ४० टक्के जीएसटी आला. गाडीवर जो दर, तोच तिच्या लीजच्या भाड्यावर. १,३१,५०० वर ५२,६०० म्हणजे काही ‘एक्स्ट्रा’ नव्हे, एका बऱ्या हॅचबॅकचे तीन हप्ते आहेत. ‘टॅक्स एक्स्ट्रा’ वाचून कोणीही अठरा टक्के धरेल, तुम्हीही तेच धरलेत. तो मेसेज आमच्या ऑफिसातून गेला, म्हणजे चूक माझीच. कालपासून कोटेशनवर करासकटचा आकडा वर, मोठ्या अक्षरात असतो.

मात्र ‘जीएसटी कंपनीला परत मिळतो, हे लपवलं’ असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे चालकासह १३ किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही, लीजवर घेतली तरी नाही. तुमचा धंदाच गाड्या भाड्याने देण्याचा, प्रवासी वाहतुकीचा किंवा ड्रायव्हिंग स्कूलचा असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा कारखाना आहे. भाडं धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल, पण ते ५२,६०० गेले ते गेले. हवं तर सीएंना हे कलम दाखवा. आणि ‘बॅटरी आहे म्हणजे ५ टक्के’ हेही नाही. ५ टक्के पूर्ण इलेक्ट्रिकला. पेट्रोल इंजिन आलं की सवलत संपली.

आता मेव्हण्यांचा स्क्रीनशॉट. हसण्याबद्दल मनापासून माफी, तो मुलगा तुम्हाला स्वतः फोन करेल. पण त्या आकड्यामागे काय होतं तेही सांगायला हवं. अमेरिकेत २०२३ पासून ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत लीज कंपनीला अशा गाडीवर ७,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळत होती. गाडी विकत घेणाऱ्याला ती कुठे बनली, तुमचं उत्पन्न किती अशा अटी होत्या. लीज कंपनीला त्या नव्हत्या. बऱ्याच कंपन्यांनी ती रक्कम गाडीच्या किमतीतून वजा करून भाडं उतरवलं. शिवाय तिथे व्याज ‘मनी फॅक्टर’ म्हणून दाखवतात, त्याला २४०० ने गुणलं की वार्षिक टक्का मिळतो. मेव्हण्यांच्या कागदावर ०.००२५ होतं, म्हणजे ६ टक्के. तुमच्या फाइलला इथे ११ टक्के लागले. ‘भाडं किमतीच्या एक टक्का’ हा हिशेब ती सवलत आणि ते व्याज धरून जमत होता. इथे ८४ लाखांच्या गाडीला महिना ८४,००० कोणी देत असेल तर मला त्याचा नंबर द्या, मीच घेतो एक!

तुमची गाडी अशी बसली होती. ८४ लाखांतून जीएसटी काढला की ६० लाख. तीन वर्षांनी तिची किंमत ४५ टक्के, म्हणजे २७ लाख धरली. मधले ३३ लाख ३६ महिन्यांत वाटले की महिना ९१,६०० च्या आसपास, वर व्याज साधारण ३९,९००. आमचं कमिशन लीज कंपनी देते, तुमच्या भाड्यात वेगळी ओळ नाही.

तुम्ही दोन तास फक्त महिन्याच्या आकड्यावर घासाघीस केलीत. तो आकडा नुसता ओढून खाली येत नाही सर. तो तीन जागी हलतो. शोरूमच्या किमतीत ४ लाख सुटले तर करासकट महिना जवळपास १३,००० उतरतात. मागच्या वर्षी बनलेली गाडी घ्यायची तयारी असेल तर एवढं सुटतं, फक्त परत करताना ती एक वर्ष जुनी मोजली जाते. दुसरी जागा रेसिड्यूअलची, म्हणजे लीज संपताना गाडीची जी किंमत धरतात तिची. तुम्ही ५५ टक्के मागितले होते. दिले असते तर करासकट साडेएकोणीस हजार वाचले असते, पण तीन वर्षांनी गाडी तेवढ्याला गेली नाही तर तोटा लीज कंपनीचा. आपल्याकडे जुन्या प्लग-इन हायब्रिडला गिऱ्हाईकच मोजकं, त्यामुळे ते ऐकत नाहीत. तिसरी जागा किलोमीटरची. तुम्हीच लिहिलंय की घोडबंदरहून रबाळ्याला रोज जाऊन-येऊन ४५ किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी १३,५००. मग लीजमध्ये वर्षाला २०,००० ची मर्यादा कशाला? १५,००० वर आणली तर रेसिड्यूअल ४८ टक्क्यांपर्यंत जातं. ही गोष्ट आम्हीच आधी काढायला हवी होती.

आणखी एक. गाडी कंपनीच्या नावावर हवी असा तुमचा आग्रह होता. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकदाचा टॅक्स व्यक्तीच्या नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. तुमच्या गाडीत फरक पाच लाख ८८ हजारांच्या घरात जातो. मी हे टेबलावर सांगितलं तेव्हा तुम्ही उठला होतात, चहा तसाच राहिला होता.

‘गाडी द्यायचीच नव्हती’ याबद्दल. तुमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) आहे, वरच्या थरावर चार्जिंग पॉइंट मिळणार नाही, म्हणून मी म्हटलं की ही गाडी घेऊ नका. चार्ज न करता प्लग-इन हायब्रिड चालवणं म्हणजे जड बॅटरी पेट्रोलवर ओढत फिरणं. पण त्या दिवशी सगळ्यात कामाचा प्रश्न वहिनींनी विचारला होता: “फॅक्टरीत आठ तास उभीच असते ना, तिथे लावली तर?” तुमच्या-माझ्या वादात तो तसाच विरून गेला. त्यांचं बरोबर आहे. तिथे पॉइंट बसला तर रोजच्या ४५ पैकी बराचसा प्रवास विजेवर होईल, आणि मग माझा आक्षेप उरत नाही.

परताव्याबद्दल सफाई देत नाही. सात दिवस म्हटलं होतं, १९ लागले. ५,९०० म्हणजे फाइल तपासणीचे ५,००० आणि त्यावर १८ टक्के कर. ते परत मिळत नाहीत हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, मी ऑफिसात विचारून खात्री केली. लीज कंपनीने ते ठेवून घेतलेत, पण माझ्या खात्यातून आज दुपारी तुम्हाला पाठवलेत. फाइलमध्ये काय दिसलं, मंजुरी का लांबली, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही विचारलंत तर समोरासमोर सांगेन.

नवीन हिशेब ईमेलवर टाकलाय: मागच्या वर्षी बनलेली गाडी, १५,००० किलोमीटर, तुमच्या स्वतःच्या नावावर. करासकट महिना १,६५,३०० च्या आसपास. इन्शुरन्स आणि आरटीओ वेगळे, आकडे त्याच ईमेलमध्ये खाली लिहिलेत. शोरूमकडे अशा दोनच गाड्या उरल्यात, म्हणून शनिवारपर्यंत कळवा. ८४,००० ला मात्र माझ्याकडून होणार नाही.