पानभर ‘शुद्धलेखन’ काढून अक्षर सुधारत नाही

जूनमध्ये शाळा उघडल्या की एक मेसेज हमखास फिरतो. ‘पूर्वी पाटी होती, बोरू होता, म्हणून प्रत्येकाचं अक्षर मोत्यासारखं असायचं. मोबाईलने वाट लावली. उपाय सोपा आहे. रोज पानभर शुद्धलेखन काढून घ्या, डावखुऱ्याला वेळीच उजव्या हाताची सवय लावा, महिन्यात फरक दिसेल.’ यंदा तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आला, आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी पहिली-दुसरीला शिकवतो, म्हणून गप्प बसवेना.

‘प्रत्येकाचं अक्षर मोत्यासारखं’ हे कोणी पाहिलं? जपून ठेवली गेली ती सुंदर अक्षरातली पोथी. रोजचे हिशेब आणि पत्रं मोडीत असायची, आणि घाईत लिहिलेली मोडी वाचताना जाणकारही अडखळतात. गांधीजींच्या शाळेत कुठे मोबाईल होता? तरी आत्मकथेत ते आपल्या वाईट अक्षराबद्दल हळहळतात आणि मुलांना लिहायला शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवा म्हणतात. पाटीचा गुण मात्र मला मान्य आहे. चुकलं की पुसता येतं, आणि खरखरीत पृष्ठभागामुळे पेन्सिल सटकत नाही.

आता पानभर शुद्धलेखन. (मुळात नावच चुकलंय. शुद्धलेखन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ वगैरे, हे सुलेखन.) खरी गडबड इथेच आहे. मूल घरून पान लिहून आणतं, आम्ही लाल शेरा मारतो, ‘अक्षर सुधारा’. पण ते अक्षर हाताने कुठून सुरू केलं, हे कागदावर दिसत नाही. ‘म’ खालून वर काढणारं मूल तीस ओळींत ती चूक शेकडो वेळा पक्की करतं. पहिल्या पाच ओळी बऱ्या येतात, मग बोटं दुखतात आणि शेवटची ओळ उतरंडीला लागते. त्यापेक्षा दहा मिनिटं, तीन ओळी, आणि लिहिताना शेजारी उभा असलेला शिक्षक. आपण ‘गमभन’पासून सुरुवात करतो ती याचसाठी, की या अक्षरांची वळणं एकमेकांना जवळची आहेत. एक हाताला बसलं की पुढचं सोपं जातं. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर एकदाच द्यायची. अक्षरागणिक दिली की शब्दाचे तुकडे पडतात. आणि पहिलीच्या मुलाला बारीक लिहायला लावू नका. समर्थांनीसुद्धा दासबोधात फार बारीक नको, मध्यम अक्षर काढा असंच सांगितलंय.

डावखुऱ्याचा हात बदलण्याचा सल्ला तर सरळ डिलीट करावा. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचा हात लिहिलेल्यावरच फिरतो; अडचण एवढीच. वही थोडी उजवीकडे कलती ठेवायची, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी होत नाही.

राहिला ‘महिना’. एका वर्गाने महिनाभर काही केलं आणि पुढच्या वर्गात वेगळंच सुरू झालं, तर काय उपयोग? राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली, तरी आमच्याच शाळेत पहिलीत पाकळीचा ‘ल’ आणि तिसरीच्या फळ्यावर हिंदी वळणाचा. मुलाने कोणता खरा मानायचा? शेवटी आम्ही ठरवलं, पहिली ते चौथी एकच तक्ता, प्रत्येक अक्षरावर बाणांनी क्रम दाखवलेला. तो तयार करायला मीच बसलो, आणि सहकारी बाईंनी दाखवून दिलं की माझा ‘झ’ गेली कित्येक वर्षं तिसऱ्याच पद्धतीचा आहे.