पान हिरवं आहे, पण त्यात आहे काय?

जांभळी नाक्याच्या मंडईत पालकाची जुडी हातात घेतली की आपण सगळेच एकच परीक्षा घेतो. पानं हिरवीगार आहेत ना, टवटवीत आहेत ना, झालं. मग ती पिशवीत जाते आणि घरात लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं आलं असं आपण धरून चालतो. मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि हे गृहीतक मला दरवर्षी, दर वर्गात भेटतं. मुलांकडून कमी, पालकांकडून जास्त. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

पानाचा गडद हिरवा रंग आपल्याला मुख्यतः एवढंच सांगतो की झाडाला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पुरेसं मिळालं. त्या पानात आपल्याला हवं ते जस्त, आयोडीन, सेलेनियम किती आहे, याबद्दल तो रंग काहीही सांगत नाही. झाड स्वतःसाठी वाढतं. त्याला लागणारी मूलद्रव्यं १७ मानली जातात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हवा-पाण्यातून येतात, बाकीची मातीतून. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आपण ऐकलेलं असतं. मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि शेवटी अगदी चिमूटभर लागणारी लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल. आयोडीन या यादीत नाही, सेलेनियम नाही. माणसाला मात्र दोन्ही लागतात. म्हणजे आयोडीन नसलेल्या जमिनीत भाजी उत्तम वाढेल, उत्पन्नही चांगलं येईल, आणि तीच भाजी पिढ्यान् पिढ्या खाणाऱ्या माणसाच्या गळ्याला गलगंड येईल.

हे आपल्या देशात घडलेलं आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गलगंड घरोघरी होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गलगंडाचं प्रमाण ठळकपणे घटलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या डब्यातलं आयोडीनचं मीठ त्या कामातून आलेलं आहे. हल्ली 'नैसर्गिक' म्हणून सैंधव मीठच वापरायचं असं ठरवलेली कुटुंबं मला आमच्याच इमारतीत भेटतात. सैंधव आवडतं तर जरूर खा, पण त्यात आयोडीन मिसळलेलं आहे का ते पाकिटावर वाचा. घरात गर्भार बाई असेल तर नक्कीच वाचा, कारण बाळाच्या मेंदूची वाढ आयोडीनवर अवलंबून असते.

फिनलंडने तर एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या जमिनीत पिकांना घेता येईल असं सेलेनियम फार कमी होतं. १९८४ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळायचं ठरवलं. पिकांना त्याची गरज नव्हती, माणसांना होती. धान्यात, दुधात, मांसात सेलेनियम वाढलं आणि लोकांच्या रक्तातही वाढलेलं मोजता आलं. खताकडे सार्वजनिक आरोग्याचं साधन म्हणून पाहता येतं, हे एका देशाने करून दाखवलं. आपल्याकडे खत हा फक्त कृषी खात्याचा विषय आणि रक्तक्षय फक्त आरोग्य खात्याचा.

आता त्या रक्तक्षयाचंच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत, नुसतं लोह नाही. बी-१२, फोलेट, जंत, पाळीतला रक्तस्राव हे सगळं त्यात येतं. पण लोहाचा वाटा मोठा आहे. आणि ठाण्यातली किती घरं मूळची दापोली-रत्नागिरीकडची! ती जांभ्याची लाल माती लाल असते तीच लोहामुळे. पायाखाली लोहाचा डोंगर आणि अंगात लोह नाही. भाताचं रोप मुळांनी घेतलेल्या लोहातलं फारच थोडं दाण्यापर्यंत पोचवतं, त्यातलं बरंचसं कोंड्यात असतं आणि कोंडा आपण गिरणीत काढून टाकतो. उरलेल्या पांढऱ्याशुभ्र दाण्यात किलोमागे काही मिलिग्रॅम लोह राहतं. शिवाय धान्य-कडधान्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त दोन्हींना धरून ठेवतं, आतड्यात शोषू देत नाही. मटकीला मोड आणणं, पीठ आंबवणं याने हे फायटेट कमी होतं. उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. मोड आणणं आणि लिंबू आपल्या स्वयंपाकघरात कधीपासूनच आहे. चहाची वेळ तेवढी तासाभराने पुढे न्यायला हवी.

पालकाबद्दलही सांगते, कारण सुरुवात त्यावरून केली. पालकात कॅल्शियम चांगलं असतं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे शरीर त्यातलं साधारण ५ टक्केच घेऊ शकतं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास घेतं. म्हणून कॅल्शियमसाठी पालक हा आधार धरू नका. पालक खाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही.

रक्त आणि पान यांचं नातं वर्गात शिकवायला मला फार आवडतं. हरितद्रव्याचा रेणू आणि हिमोग्लोबिनमधला हीम, दोघांची चौकट जवळपास सारखीच. पानात त्या चौकटीच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, रक्तात लोह. आणि गंमत अशी की हरितद्रव्यात लोह नसलं तरी ते तयार करायला झाडाला लोह लागतंच. ते मिळालं नाही की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घोडबंदर रोडच्या नव्या सोसायट्यांच्या वाफ्यांत जास्वंद आणि कढीपत्ता असाच पिवळा दिसला तर आधी वाफा उकरून पाहा. खाली बांधकामाचं डेब्रिज आणि वर वीतभर माती असं अनेक ठिकाणी असतं. सिमेंट-चुन्यामुळे त्या मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि असलेलं लोहसुद्धा मुळांना घेता येत नाही. तिथे युरिया टाकून उपयोग शून्य. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हलक्या प्रमाणात फवारलं किंवा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, मातीत दिलं तर नवी पानं हिरवी येतात. सरकारी दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या लोहाच्या गोळीतही बहुधा हेच फेरस सल्फेट असतं, अर्थात औषधी शुद्धतेचं. बागेतलं हिराकस हे औषध नव्हे, हे लिहायची खरं तर गरज नसावी, पण लिहिते.

जस्ताची गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे रोप आणि माणूस दोघेही खुरटतात. १९६६ मध्ये पंतनगरला वाय. एल. नेने यांनी दाखवलं की भाताचा 'खैरा' रोग कुठल्या जंतूमुळे होत नाही, जस्त कमी पडल्याने होतो. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात, रोप बुटकं राहतं, आणि जस्त दिलं की सावरतं. त्याच दशकात डॉ. आनंद प्रसाद इराण आणि इजिप्तमध्ये वाढ खुंटलेले तरुण तपासत होते; विशी गाठलेले, पण दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखे. त्यांचं बरंचसं जेवण म्हणजे न आंबवलेली पोळी. पुन्हा तेच फायटेट. जस्त दिल्यावर ते वाढले. तोपर्यंत माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच वैद्यकाने मानलेलं नव्हतं.

भातखाचरात पाणी साचून राहिलं की जस्त आणखीनच अडकून पडतं. स्फुरदाची खतं बेसुमार टाकली तरी तसंच होतं. आमच्या सासरी मुरबाडकडे भाताची शेती आहे आणि तिथलं चित्र बहुतेक गावांतलं आहे: हातात येतं ते युरियाचं पोतं. ४५ किलोचं पोतं सुमारे २६६ रुपयांना. २०१० मध्ये केंद्राने अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं, पण युरियाला त्याबाहेर ठेवलं. युरिया स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले, आणि जस्त-बोरॉनचा विचार करायला शेतकऱ्याच्या खिशात उरलं काय? युरिया टाकला की चार दिवसांत शेत काळंभोर हिरवं होतं. मग भात लोळतो, करप्याला बळी पडतो, पण तोवर हिरव्या रंगाने समाधान दिलेलं असतं. यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. किंमत जशी ठरवली तसं तो वागतो. युरियाच्या अनुदानातला काही भाग सूक्ष्म अन्नद्रव्यांकडे आणि शेणखत-कंपोस्टकडे वळवायला हवा, हे माझं ठाम मत आहे. आणि त्याचा लाभ फक्त गावाला होणार नाही. ठाण्या-वाशीच्या ताटातलं धान्य कुठल्या ना कुठल्या शेतातूनच येतं.

याच जस्ताचा एक धोकादायक शेजारी आहे, कॅडमियम. रसायनदृष्ट्या दोघं इतके जवळचे की रोपाची मुळं जस्त घ्यायच्या वाटेनेच कॅडमियमही आत घेतात, आणि जस्त कमी असेल तर जास्तच. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साचतं. पालेभाज्या ते पानात साठवण्यात पटाईत. म्हणून नाल्याच्या पाण्यावर, रुळांच्या कडेला वाढलेला लुसलुशीत पालक-माठ मी घेत नाही. तो विकणाऱ्या माणसाचं पोट त्यावर आहे हे मला कळतं; त्याला स्वच्छ पाणी मिळायला हवं, हीच माझी मागणी आहे. पावसाळ्यात येऊर-शहापूरकडच्या आदिवासी बायका टाकळा, भारंगी, करटोली घेऊन बसतात, ते मात्र मी आवर्जून घेते.

आशेची जागाही आपल्याच राज्यात आहे. 'धनशक्ती' ही बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली, किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असलेली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलांना लोहयुक्त बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने देऊन अभ्यास झाला. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा चार महिन्यांतच सुधारला. गोळी नाही, इंजेक्शन नाही, भाकरी. अशी बाजरी रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात का दिसत नाही, हा प्रश्न आपण आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायलाच हवा.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना एवढंच: नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतं, वर ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. निम्मं तरी चांगलं कंपोस्ट आणि माती हवीच. टोमॅटोचं बूड काळं पडलं, म्हणजे फळाला कॅल्शियम कमी पडलं, की लगेच एप्सम सॉल्ट टाकू नका. त्यात मॅग्नेशियम असतं आणि ते जास्त झालं की कॅल्शियम आणखी अडतं. बहुतेक वेळा पाणी कधी भसाभस, कधी नाही, हेच कारण असतं. असा झगडा पोटातही चालतो, म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, डॉक्टरांना विचारून वेळा वेगळ्या ठेवा.

आणि गावी शेती असेल तर दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर माती तपासायला द्या. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे आणि त्यात १२ गोष्टी मोजायच्या असतात. खत टाकण्याआधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढा, बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची सोडून. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा, त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून द्या. अहवाल आला की सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह, बोरॉन यांचे आकडे आहेत का ते पाहा, आणि नुसतं नत्र-स्फुरद-पालाश लिहून कागद परत आला असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी मागून घ्या.