रस्ता वर, घर खाली

सिमेंटच्या रस्त्याला आमचा विरोध नाही हो! पण जुना डांबरी रस्ता खरवडून न काढता त्याच्याच डोक्यावर थर चढवायला कोणी सांगितलं? नागपूरच्या कितीतरी वस्त्यांत आता रस्ता वर नि अंगण खाली. जोराची सर आली की पाणी नालीत जायचं सोडून फाटकातून आत. म्हातारी माणसं दारात वाळूची पोती रचत बसतात. तक्रार करा, तर नालीवाले म्हणतात रस्तेवाल्यांकडे जा, रस्तेवाले म्हणतात ठेकेदाराला विचारा. अरे, मग उतार पाहायचा कोणी? सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, रात्रीतून लोकांचे संसार चिखलात गेले. त्यानंतर तरी जाग यायला नको? त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच नाही. गाऱ्हाणं सांगायला वॉर्डातला हक्काचा माणूसही नव्हता.

आणि सिमेंट वाळत नाही तोच केबल टाकायला कोणीतरी कटर घेऊन हजर! वरून खड्डा बुजवतात मातीनं. आधी पाइप, केबल, नाली, मग रस्ता. एवढा क्रम लावायला काय लागतं राजेहो? घरांच्या जोत्याची उंची मोजल्याशिवाय यापुढे एकही थर टाकू नका.