आजी, तिचं तोंड बंद आहे, मग गाणं कोण म्हणतंय?

मे महिन्याच्या सुट्टीत नातीला तिच्या आयुष्यातल्या पहिल्या नाटकाला नेलं. वय चार वर्षं दोन महिने. भरपूर गाणी, नाच, राक्षस, जंगल, सगळं असलेलं बालनाट्य, सकाळी अकराचा प्रयोग. घरात आधी बरीच चर्चा झाली. एवढ्याशा पोरीला कशाला, घाबरेल, अर्ध्यातून उठावं लागेल. मी ऐकलं नाही. कारण मला माझ्या मामानं असंच, जवळपास याच वयात नेलं होतं. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या', आणि त्यात दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण. मामाच्या शर्टाची बाही मी दातांत धरून बसले होते. त्या रात्री एकटी मोरीत जायला तयार नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या गॅलरीत पाठीला उशी बांधून मीच चेटकीण झाले होते. पुढं कितीतरी वर्षांनी, 2018 मध्ये, हेच नाटक वैभव मांगले यांना चेटकीण करून पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा जाहिरात बघूनच माझ्या अंगावर काटा आला होता.

तर मी तयारीनं गेले होते. आदल्या रात्री नातीला गोष्ट सांगून ठेवली, शेवटासकट. शेवट सांगितला की मजा जाते हे मोठ्यांचं खरं, पण चार वर्षांच्या मुलाला राक्षस हरणार आहे हे आधी ठाऊक असलं की तो येतो तेव्हा ते त्याच्याकडे बघू शकतं. तीन घंटा होतील, मग अंधार होईल, मग पडदा वर जाईल, हेही सांगितलं. एसीसाठी शाल घेतली, दुसऱ्या घंटेला शूला नेऊन आणलं. एक गोष्ट मात्र मी विसरले होते. नाट्यगृहातली खुर्ची इतक्या हलक्या मुलाला धरून ठेवत नाही, बसल्याबसल्या मिटते. पोर खुर्चीत दुमडून गुडघे नाकाशी. शेवटी मांडीवर घेतली आणि तेच बरं झालं, कारण मुलाला काय वाटतंय ते मांडीला आधी कळतं.

पडदा वर गेला आणि पहिलं गाणं सुरू झालं. नातीनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. राक्षस अजून आलेलाही नव्हता. स्पीकरमधून येणारा ठेका छातीत धडधडत होता, माझ्याही. आजूबाजूला पाहिलं तर बरीच मुलं तशीच, हात कानांवर. राक्षस आला तेव्हा ती खरं तर पुढं सरकून बघत होती. म्हणजे घरचे म्हणत होते त्या गोष्टीला ती घाबरली नाही, आवाजाला घाबरली. तिसऱ्या गाण्याच्या सुमारास तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "आजी, तिचं तोंड बंद आहे, मग गाणं कोण म्हणतंय?"

परीचं काम करणारी मुलगी गिरकी घेताना ओठ हलवायचं विसरली होती. गाणं चालूच होतं. मी म्हटलं, गाणं आधी भरून ठेवलंय, ते मशीन वाजवतंय. त्यावर ती म्हणाली, "मग ती काय करते?" याचं उत्तर मला देता आलं नाही. मध्यंतरात आम्ही बाहेर आलो, वेफर्स खाल्ले आणि परत आत जायला ती तयार झाली नाही. मी आग्रह केला नाही. मुलाला ओढून आत नेणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नका नेऊ. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत.

त्या कलाकार मुलांवर माझा राग नाही. नाचत नाचत गाणं किती अवघड आहे ते मला कळतं. निर्मात्याची अडचणही कळते. वादक घ्यायचे तर त्यांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, आली, दौऱ्याच्या बसमध्ये त्यांच्या जागा आल्या, आणि सकाळचा प्रयोग संपवून दुपारच्या नाटकासाठी रंगमंच मोकळा करून द्यायचा असतो. आधी भरून ठेवलेल्या गाण्याचा ट्रॅक लावला की सगळं सोपं. पण आपण कोण आहोत याचा विचार करा. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं तेव्हापासून आपल्याकडे नट रंगमंचावर उभा राहून स्वतःच्या गळ्यानं गातो आहे. ज्या प्रेक्षकांनी एकेका पदाला वन्समोअर घेत रात्री जागवल्या, त्यांच्या पणतवंडांना आपण पहिल्याच नाटकात ओठ हलवणारी माणसं दाखवतो. सुधा करमरकरांनी 1959 साली 'मधुमंजिरी'पासून मुलांसाठी वेगळी रंगभूमी उभी केली, ती मुलांना खरं, पूर्ण नाटक मिळावं म्हणून. मोठ्यांच्या संगीत नाटकाला आपण ट्रॅक लावू देऊ का? मग मुलांच्याच वाट्याला तो का?

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका हौशी मंडळाचा प्रयोग पाहायला मिळाला. शाळेचं सभागृह, मागं रंगवलेली चादर, पुठ्ठ्याची झाडं. रंगमंचाच्या कडेला, सगळ्यांना दिसतील असे, एक पेटीवाले काका आणि एक ढोलकीवाला मुलगा. कोल्ह्याचं काम करणारा तरुण उड्या मारून गात होता आणि मधल्याच ओळीला त्याला धाप लागली. पेटीवाले काका तोच सूर धरून थांबले, त्याच्याकडे बघत. कोल्ह्यानं श्वास घेतला, मान हलवली, आणि दोघं पुढं निघाले. माझी नात हे सगळं बघत होती. कोल्ह्याकडे, मग काकांकडे, परत कोल्ह्याकडे. तिचे हात कानांवर नव्हते, माझ्या दंडावर होते आणि ठेका धरत होते. त्या गाण्याच्या दोन ओळी ती आठवडाभर म्हणत होती, आणि मधेच मुद्दाम थांबून धापा टाकत होती, कारण तिच्या मते गाण्यात तेही होतं.

प्रयोग संपल्यावर ती थेट पेटीपाशी गेली. काकांनी भाता हलवला आणि तिला एक पट्टी दाबू दिली. तिनं बोट उचललंच नाही, भात्यातली हवा संपेपर्यंत.

आता दिवाळीची सुट्टी येते आहे. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, दादर, कुठंही मुलांच्या नाटकात गाणं समोर गायलं जाणार असेल, एकच पेटी असली तरी चालेल, तर मला नक्की कळवा. आणि तुमच्यापैकी कोणी बालनाट्य करत असाल, तर निदान एक गाणं ट्रॅक बंद करून म्हणून बघा. आमची तीन तिकिटं नक्की, पुढच्या रांगेतली.